नॅनो एडिटर: कमांड लाइनचे ऑप्शन आणि पडद्याची सेटिंग्ज, अगदी सुरुवातीपासून

टर्मिनलमध्ये नॅनो पहिल्यांदा उघडला की वर एक पट्टी, खाली कंट्रोलच्या बटणांच्या दोन ओळी आणि मध्ये मजकूर, एवढंच दिसतं. ओळींना नंबर नाहीत. एखादी लांब ओळ उजव्या कडेला पोचून गायब झालेली असते. टॅब कुठे आहे आणि स्पेस कुठे, काही कळत नाही. टर्मिनलचा एडिटर असाच असणार असं समजून बरेच जण तसंच काम रेटत राहतात. पण यातलं जवळपास सगळं बदलता येतं.

आधी एक खुलासा. या लेखात कमांड आणि ऑप्शनची (कमांडसोबत द्यायच्या सूचनांची) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायची. सुरुवातीला दोन हायफन असलेलं नाव म्हणजे ऑप्शनचं लांब नाव. स्पेलिंग अडलं तर हे चालवा:

नॅनो --हेल्प

तुमच्या मशीनवरचा नॅनो जे जे ऑप्शन ओळखतो त्यांची यादी समोर येईल, एकाक्षरी रूपासकट. एकाक्षरी रूपं टाइप करायला सोपी असली तरी नवख्याने लांब नावंच वापरावीत असं माझं मत आहे. एकाक्षरी रूपात लहान-मोठ्या लिपीचा फरक पडतो, शिवाय आवृत्ती बदलली की अक्षराचा अर्थही बदलू शकतो. कॅपिटल एस हे अक्षर जुन्या नॅनोत एकेक ओळ सरकवण्यासाठी होतं, नव्या नॅनोत ते लांब ओळी दुमडून दाखवतं. जुन्या लेखातून कमांड उचलली की अशी गंमत होते.

पहिली पायरी: समोर खरंच नॅनो आहे का?

नॅनो --व्हर्जन

हे चालवल्यावर ग्नू नॅनो असं नाव आणि आवृत्तीचा आकडा दिसायला हवा. उबुंटू लिनक्सच्या 20.04 मध्ये 4.8 येतो, 22.04 मध्ये 6.2 आणि 24.04 मध्ये 7.2. या लेखातलं बरंचसं 5.0 किंवा त्यापुढच्या आवृत्तीत चालतं.

मॅक वापरणाऱ्यांनी इथे थांबून उत्तर नीट वाचावं. मॅकओएस 12.3 पासून ॲपलने ग्नू नॅनो काढून टाकला आणि नॅनो हे नाव पिकोकडे वळवलं. पिको हा नॅनोचा पूर्वज. पडदा साधारण सारखाच दिसतो, त्यामुळे फरक लगेच लक्षात येत नाही, पण ऑप्शन वेगळे आहेत आणि पुढचं बरंच काही त्यात चालणार नाही. होमब्रूसारख्या पॅकेज मॅनेजरने (प्रोग्राम टाकून देणाऱ्या साधनाने) खरा नॅनो टाकून घ्या आणि मग पुढे वाचा.

नॅनोचा इतिहासही त्या पिकोशीच जोडलेला आहे. पिकोच्या परवान्याची अडचण होती म्हणून 1999 मध्ये ख्रिस ॲलेग्रेटा यांनी तसाच दिसणारा मुक्त एडिटर लिहायला घेतला. सुरुवातीला त्याचं नाव टिप होतं, 2000 मध्ये ते नॅनो झालं.

दुसरी पायरी: एकच सेटिंग, तीन जागा

नॅनोत बहुतेक सेटिंग्ज तीन ठिकाणांहून लावता येतात. फाइल उघडी असताना ऑल्ट आणि एखादं अक्षर दाबून, फाइल उघडताना कमांडमध्ये ऑप्शन देऊन, किंवा नॅनोआरसी नावाच्या फाइलमध्ये कायमची लिहून. पहिल्या दोन्हींचा परिणाम एडिटर बंद होईपर्यंतच टिकतो.

नवखे लोक सरळ तिसऱ्या जागेकडे धावतात. कुणाची तरी भली मोठी नॅनोआरसी मिळते, ती चिकटवतात आणि मग काहीतरी विचित्र वागायला लागलं की कोणत्या ओळीमुळे ते कळत नाही. उलट्या क्रमाने गेलेलं बरं. आधी ऑल्टने चालू-बंद करून बघा. आवडलं तर काही दिवस कमांडमध्ये ऑप्शन देऊन वापरा. तोच ऑप्शन टाइप करायचा कंटाळा आला की मगच तो फाइलमध्ये जाण्याच्या लायकीचा झाला असं समजा.

ऑल्टबरोबरची अक्षरंही आवृत्तीनुसार थोडी बदलली आहेत. नॅनो उघडा असताना कंट्रोल आणि जी दाबलं की मदतीचं पान येतं. त्याच्या अगदी तळाशी चालू-बंद करायच्या सगळ्या बटणांची यादी असते. तुमच्या आवृत्तीपुरतं तेच खरं. काही टर्मिनलमध्ये ऑल्ट चालत नाही, तिथे एस्केप दाबून सोडायचं आणि मग अक्षर दाबायचं.

तिसरी पायरी: लांब ओळी

इथे जरा रेंगाळू, कारण नॅनोतला सगळ्यात महागात पडणारा गोंधळ इथलाच आहे.

एखादी कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग्जची फाइल, उघडा जिच्यात एक ओळ पडद्यापेक्षा लांब आहे. उजव्या कडेला उलट्या रंगात एक > चिन्ह दिसेल. याचा अर्थ ओळ पुढे आहे, पण पडद्याबाहेर. कर्सर उजवीकडे नेत राहिलात की मजकूर सरकतो आणि डावीकडे < दिसतं. आता ऑल्ट आणि एस दाबा. तीच ओळ दोन-तीन रांगांत दुमडून दिसेल. पुन्हा दाबलं की परत पहिल्यासारखी. याला सॉफ्ट रॅप म्हणतात. फाइलमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही, फक्त दाखवण्याची पद्धत बदलली.

कमांडमधून हेच असं करायचं:

नॅनो --सॉफ्टरॅप --ॲटब्लँक्स टिपणं.टीएक्सटी

दुसरा ऑप्शन दिला नाही तर ओळ पडद्याच्या कडेला जिथे संपेल तिथे, शब्दाच्या मधोमधसुद्धा दुमडते. तो दिला की शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर दुमडते. साधा मजकूर वाचायचा असेल तर ही जोडी एकत्रच ठेवा. कोड वाचताना मात्र मी सॉफ्ट रॅप बंद ठेवणं पसंत करतो. दुमडलेल्या ओळींमुळे इंडेंटेशनचा, म्हणजे ओळींच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेचा, सगळा आकार विस्कटतो.

आता याचा धोकादायक जुळा भाऊ: --ब्रेकलाँगलाइन्स. नाव ऐकून वाटतं हाही तसाच काहीतरी. पण हा ऑप्शन चालू असताना ओळ ठरावीक रुंदीच्या पुढे टाइप करत गेलात की नॅनो फाइलमध्ये खरोखरचा एंटर घालतो. पत्र लिहिताना ते सोयीचं आहे. कॉन्फिग फाइलमध्ये मात्र एका ओळीच्या दोन ओळी झाल्या की तिचा अर्थच बदलतो, आणि पडद्यावर दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात.

मार्च 2019 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपर्यंत असं ओळी तोडणं आपोआप चालूच असायचं. म्हणूनच जुन्या मार्गदर्शकांत सिस्टिमची फाइल उघडताना नॅनोपुढे हायफन डब्ल्यू हमखास लिहिलेला असतो. त्याचं काम हे तोडणं बंद करणं. 4.0 पासून ते आपोआप बंदच असतं, त्यामुळे आता त्या डब्ल्यूची गरज नाही. पण एखाद्या जुन्या सर्व्हरवर काम पडलं तर तो अजून आठवणीत असलेला बरा.

दुमडलेली ओळ खरी एक आहे की दोन, हे ओळखायचा सोपा मार्ग पुढच्या पायरीत मिळतो.

जाता जाता कंट्रोल आणि जे या जोडीबद्दलही सांगतो. चुकून दाबली जाते आणि परिच्छेदातल्या सगळ्या ओळी एकत्र करून नव्याने भरते, म्हणजे फाइलच बदलते. दहा सुट्या सेटिंग्जच्या दोन गिचमिड ओळी झालेल्या दिसल्या तर घाबरू नका. ऑल्ट आणि यू दाबा, पूर्ववत होईल.

चौथी पायरी: ओळींचे नंबर आणि कर्सरची जागा

नॅनो --लाइननंबर्स फाइलचं-नाव

उघडी फाइल असेल तर ऑल्ट आणि एन. जुन्या आवृत्त्यांत एनऐवजी # होतं.

आता नंबर आणि सॉफ्ट रॅप दोन्ही एकत्र चालू करा आणि डावीकडच्या पट्टीकडे बघा. दुमडलेल्या ओळीच्या फक्त पहिल्या रांगेला नंबर असतो, पुढच्या रांगांसमोर पट्टी रिकामी असते. म्हणजे नंबर नसलेली रांग ही वरच्याच ओळीचा भाग, आणि नंबर असलेली रांग म्हणजे फाइलमधली वेगळी ओळ. ओळ तुटली आहे की नुसती दुमडली आहे, हे एका नजरेत कळतं.

नंबरांचा एक त्रासही आहे. टर्मिनलमध्ये माउसने मजकूर निवडून कॉपी केला की नंबरही सोबत येतात. टर्मिनलला ते मजकुरापेक्षा वेगळे आहेत हे माहीतच नसतं. कॉपी करण्यापूर्वी ऑल्ट-एन दाबून ते घालवा.

कर्सर कितव्या ओळीत, कितव्या स्तंभात आहे हे एकदाच बघायचं असेल तर कंट्रोल आणि सी पुरे. सतत दिसत राहावं असं वाटलं तर --कॉन्स्टंटशो. आणि थेट एखाद्या ओळीवर फाइल उघडायची असेल तर ऑप्शनही लागत नाही:

नॅनो +120 फाइलचं-नाव

स्तंभही हवा असेल तर +120,15 असं लिहायचं. प्रोग्राम चालवताना 120व्या ओळीत चूक आहे असा संदेश आला की हे खूप कामाला येतं. नव्या लोकांना हे फार उशिरा कळतं, तोवर ते बाण दाबून 120 ओळी खाली जात असतात.

पाचवी पायरी: न दिसणारी अक्षरं

यामल (सेटिंग्ज लिहायची एक पद्धत) फाइलमध्ये इंडेंटेशनसाठी टॅब चालत नाही. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक या प्रोग्रामला कामं सांगणाऱ्या फाइलमध्ये, नेमकं उलट, कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. आठ स्पेस टाकल्या तर ती ओळ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि मेक मात्र ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतो.

अशा वेळी ऑल्ट आणि पी दाबा. प्रत्येक टॅबच्या जागी » आणि प्रत्येक स्पेसच्या जागी · दिसू लागेल. बरोबर असलेल्या मेकफाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला एकच » आणि पुढे मोकळी जागा दिसते. चुकलेल्या ओळीत तिथे आठ बारीक ठिपक्यांची रांग असते. ओळीच्या शेवटी राहून गेलेल्या स्पेसही अशाच पकडता येतात. काम झालं की पुन्हा ऑल्ट-पी, कारण ठिपक्यांच्या गर्दीत सलग वाचणं कठीण जातं. ही सेटिंग कायमची चालू ठेवण्यात अर्थ नाही.

टॅबशी संबंधित दोन ऑप्शन आहेत आणि त्यांच्यातला फरक वरच्या सॉफ्ट रॅप आणि ब्रेकलाँगलाइन्समधल्या फरकासारखाच आहे.

नॅनो --टॅबसाइझ=4 फाइलचं-नाव

यामुळे टॅब पडद्यावर किती रुंद दिसावा तेवढंच बदलतं. काही सांगितलं नाही तर तो 8 स्तंभांचा असतो. फाइलमध्ये टॅब हा टॅबच राहतो. दुसरीकडे --टॅब्सटूस्पेसेस हा ऑप्शन तुम्ही दाबलेल्या टॅबच्या जागी खरोखरच्या स्पेस घालतो. आधीपासून फाइलमध्ये असलेल्या टॅबना तो हात लावत नाही, त्यामुळे जुन्या फाइलमध्ये दोन्हींची सरमिसळ होऊ शकते. कुठलीही नवी सेटिंग समोर आली की आधी हाच प्रश्न विचारा: ही फक्त पडद्यावरचं बदलते, की फाइलमधलं? पडद्यावरची असेल तर बिनधास्त खेळा. फाइलमधली असेल तर आधी एका प्रतीवर.

ती प्रत नॅनोही ठेवू शकतो. --बॅकअप दिलं की सेव्ह करताना आधीची आवृत्ती त्याच नावाच्या शेवटी ~ लावून बाजूला ठेवली जाते. आणि फाइल नुसती बघायची असेल, हात लावायचाच नसेल, तर --व्ह्यू. त्यात टाइप केलेलं काही उमटतच नाही.

सहावी पायरी: पडद्यावरची बाकी सजावट

खालच्या मदतीच्या दोन ओळी ऑल्ट आणि एक्सने जातात, कमांडमध्ये --नोहेल्प. महिनाभर तरी त्या राहू द्या. सेव्हसाठी कंट्रोल-ओ आणि बाहेर पडण्यासाठी कंट्रोल-एक्स बोटांत बसेपर्यंत त्यांची मदतच होते.

6.0 पासून --झिरो हा ऑप्शन वरची पट्टी, संदेशाची ओळ आणि मदत असं सगळंच लपवतो आणि अख्खा पडदा मजकुराला देतो. दिसायला छान, पण नवख्यासाठी नाही. फाइल सेव्ह झाली आहे की नाही, नाव काय, हे सांगणारी पट्टीच गेलेली असते. त्यापेक्षा 5.5 मध्ये आलेला --मिनीबार बरा. वरची पट्टी जाते, पण फाइलचं नाव आणि थोडी माहिती तळाच्या एका ओळीत राहते.

--इंडिकेटर उजव्या कडेला स्क्रोलबारसारखी पट्टी दाखवतो, मोठ्या फाइलमध्ये आपण कुठे आहोत ते कळतं. --गाइडस्ट्राइप=72 दिलं की त्या स्तंभावर एक उभी रेघ येते. तीही फक्त दिसते, ओळ तोडत नाही.

--माउसबद्दल मी थोडा सावध आहे. क्लिक केलं की कर्सर तिथे जातो हे खरं, पण मग टर्मिनलमध्ये मजकूर निवडण्याची नेहमीची पद्धत बंद होते आणि निवडताना शिफ्ट दाबून ठेवावं लागतं. ते माहीत नसलं की कॉपीच बिघडली असं वाटतं.

फाइलमधला देवनागरी मजकूर भलत्याच चिन्हांत दिसत असेल तर नॅनोचे ऑप्शन चाळत बसू नका. टर्मिनलमध्ये लोकेल ही कमांड चालवा आणि उत्तरात यूटीएफ-8 (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहे का बघा. नसेल तर दुरुस्ती तिथे करायची. अक्षरं बरोबर आहेत पण जोडाक्षरं फुटतात किंवा कर्सर अर्धं अक्षर पुढे-मागे वाटतो, असं असेल तर ते काम टर्मिनलचं आणि त्याच्या फाँटचं आहे. दुसरं टर्मिनल वापरून बघा.

सातवी पायरी: आवडलेलं कायमचं करणं

आता नॅनोआरसी. तुमच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी .नॅनोआरसी ही फाइल बनवा. टिंबामुळे ती साध्या यादीत दिसत नाही, ती गायब झाली असं समजू नका. प्रत्येक ओळीत सेट आणि मग ऑप्शनचं लांब नाव, हायफनशिवाय. लांब नावं वापरायचा दुसरा फायदा हाच. सुरुवातीला एवढं पुरे:

सेट लाइननंबर्स
सेट कॉन्स्टंटशो
सेट ॲटब्लँक्स
सेट टॅबसाइझ 4
सेट पोझिशनलॉग
सेट नंबरकलर सायन

आकडा देताना कमांडमध्ये = असतं, इथे नुसती जागा. पोझिशनलॉगमुळे अलीकडे उघडलेल्या 200 फाइलींमध्ये कर्सर कुठे होता ते लक्षात राहतं. ॲटब्लँक्स फक्त सॉफ्ट रॅप चालू असतानाच काम करतो, म्हणून तो कायम ठेवायला हरकत नाही. सॉफ्ट रॅप मी मुद्दामच इथे घातलेला नाही, ऑल्ट-एस जवळच आहे. ब्रेकलाँगलाइन्स तर इथे चुकूनही नको.

रंग शेवटच्या ओळीसारखे लावता येतात. वरच्या पट्टीसाठी सेट टायटलकलर व्हाइट,ब्लू असं लिहिलं तर स्वल्पविरामाच्या आधी अक्षरांचा रंग आणि नंतर पार्श्वभूमीचा. पांढऱ्या टर्मिनलवर पिवळी अक्षरं वाचवत नाहीत, एवढं सांभाळा. कोडमधल्या शब्दांचे रंग मात्र वेगळ्या फाइलींतून येतात. सिस्टिमची नॅनोआरसी आधी वाचली जाते आणि तुमची नंतर, त्यामुळे तिथे रंग आधीच जोडलेले असतील तर तुम्हाला काही करावं लागत नाही.

ऑप्शनचं नाव चुकलं तर नॅनो ते कोणत्या ओळीत आहे हे सांगतो. # ने सुरू होणारी ओळ तो वाचत नाही, म्हणून नको असलेली सेटिंग पुसण्याऐवजी तिच्यापुढे # लावा.

इथे एक अडचण हमखास येते. फाइलमध्ये सेट लाइननंबर्स आहे आणि आजच्यापुरते नंबर नकोत. कमांडमध्ये आकडा देऊन टॅबसाइझ बदलता येते, कारण कमांडचा शब्द फाइलपेक्षा वरचढ असतो. पण चालू केलेले नंबर बंद करणारा ऑप्शन कमांडमध्ये नाही. मग एक तर उघडल्यावर ऑल्ट-एन, किंवा सगळ्या सेटिंग्ज बाजूला ठेवून:

नॅनो --इग्नोरआरसीफाइल्स फाइलचं-नाव

याचा खरा उपयोग दोष शोधताना होतो. एडिटर विचित्र वागतोय आणि हा ऑप्शन दिल्यावर नीट वागतो, तर दोष नॅनोआरसीतच आहे. मग एकेका ओळीपुढे # लावत जायचं.

आणि सिस्टिमची फाइल सुडो नॅनो असं लिहून उघडली की कधी कधी तुमचे नंबर, रंग सगळं गायब दिसतं. त्या वेळी एडिटर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालतो आणि रूटच्या होम फोल्डरमधली नॅनोआरसी शोधतो. तिथे स्वतःची फाइल नेऊन ठेवण्यापेक्षा सुडोएडिट ही कमांड वापरा. ती फाइलची तात्पुरती प्रत काढून तुमच्याच नावाने एडिटर उघडते आणि बंद केल्यावर बदल मूळ फाइलमध्ये लिहिते, त्यामुळे तुमची सेटिंग्ज लागू राहतात. नॅनोऐवजी दुसराच एडिटर उघडला तर टर्मिनलच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एडिटर हे व्हेरिएबल नॅनो असं ठेवा. हे नाव तिथे सगळं कॅपिटलमध्ये लिहायचं असतं.